तो ऐकत का नाही?

मार्कंडा कोणाला ठाऊक नाही? चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी हे गाव आहे. येथे नदी वळण घेते आणि उत्तरेकडे वाहते. काठावर मार्कंडेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. गडचिरोलीकडून लोक येतात, नदीपलीकडून चंद्रपूरकडचे लोक येतात. नदीत आंघोळ करतात, देवाला पाणी घालतात, बाजार करतात.

जत्रेच्या गर्दीत एखादा वेगळा माणूस तुम्ही पाहिला असेल. केस वाढून त्यांच्या जटा झालेल्या. ऊन तापले तरी अंगावर तीन-तीन सदरे. काखेत चिंध्यांचे गाठोडे. आपल्याशीच बोलतो, आपल्याशीच हसतो. तो कोणाचा, कोठला, कोणाला माहीत नसते. आपण म्हणतो, “येडा हाये,” आणि पुढे जातो.

समजा, असा एक माणूस भज्यांच्या दुकानापुढे आला. त्याने ताटातली दोन भजी उचलली आणि तेथेच बसून खाऊ लागला. दुकानदार ओरडला. माणसे जमली.

“चोर हाये जी हा!”

“चोर कायचा? दारू पेला असंन.”

“पोरं पळवणारा तं नाही?”

“बोलवा पोलिसाले. दोन दंडे बसले का सुधरते.”

शिपाई आला. त्याने विचारले, “नाव काय? गाव कोणते?” तो माणूस बोलला नाही. शिपाई म्हणाला, “उठ!” तो उठला नाही. उलट हसला. शिपायाला वाटले, हा माझी थट्टा करतो. चार लोकांत त्याला ते लागले. त्याने काठी उगारली. काठी बसताच तो माणूस ओरडत पळाला. पळाला म्हणून त्याला धरले. धरले म्हणून त्याने हात झटकले. हात झटकले म्हणून आणखी मारले.

ही गोष्ट आम्ही समजावून सांगण्यासाठी रचली आहे. मार्कंड्याच्या जत्रेत असे घडले, असे आमचे म्हणणे नाही. पण अशी गोष्ट कोणत्याही गावात घडू शकते. तेव्हा आपण सारे एकच विचारतो, “सांगितलेले तो ऐकत का नाही?” आज आपण याच प्रश्नाचे उत्तर पाहू.

त्याच्या कानात काय चालले आहे?

ताप आला की अंग तापते. मेंदूचा आजार झाला की मन तापते, पण ते हात लावून कळत नाही. अशा आजारांपैकी एकाला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. तो गरिबाला होतो, श्रीमंतालाही होतो. शिकलेल्याला होतो, अडाण्यालाही होतो. करणी, भूतबाधा किंवा मागच्या जन्मीचे पाप यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात. कोणी शिव्या देतो आहे, कोणी हुकूम करतो आहे, असे त्याला खरेच वाटते. त्या आवाजांच्या गोंधळात शिपायाचे “उठ” त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो हसतो ते शिपायाला नव्हे. त्या आतल्या आवाजाला तो हसतो.

शिवाय त्याला भ्रम होतो. सारे जग आपल्या मागे लागले आहे, आपल्याला मारणार आहे, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. अशा वेळी दहा माणसे त्याच्याभोवती गोळा झाली आणि एकाने काठी उगारली, तर त्याला काय वाटेल? भ्रम होता, तो खरा झाला! मग तो जिवाच्या भीतीने पळतो. आपण म्हणतो, “पळाला म्हणजे चोरच!”

आपल्या भागात आणखीही काही कारणे आहेत. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. कोणी डोलत, बरळत चालला की पहिली शंका दारूची येते. आपला जिल्हा तेलंगण आणि छत्तीसगड यांना लागून आहे. फिरत फिरत आलेला माणूस तेलुगू बोलणारा असेल, गोंडी बोलणारा असेल, बंगाली बोलणारा असेल. मराठीतला हुकूम त्याला कळणार कसा? आणि या जंगलभागाने बंदुकीची भीती खूप वर्षे सोसली आहे. अंधारात “थांब” म्हटल्यावर जो थांबत नाही, त्याच्या जिवाला येथे अधिक धोका असतो. म्हणून ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या गावची म्हणून सोडता येत नाही.

काठीने काय होते?

काठीने शहाणा माणूस भितो आणि ऐकतो. आजारी माणूस भितो, पण ऐकू शकत नाही. त्यामुळे काठी थांबत नाही. याचे मोठे दुःखाचे उदाहरण अमेरिकेत घडले.

कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन नावाचे शहर आहे. तेथे केली थॉमस नावाचा ३७ वर्षांचा माणूस रस्त्यावर राहत असे. त्याला स्किझोफ्रेनिया होता. ५ जुलै २०११ च्या रात्री तो बसथांब्याजवळ होता. कोणी तरी गाड्यांची दारे ओढून पाहतो आहे, असा फोन पोलिसांना गेला होता. पोलिसांनी केलीला खाली बसवले. सांगितले, पाय लांब कर आणि हात गुडघ्यांवर ठेव. त्याला ते नीट जमेना. पोलिसांना वाटले, हा मुद्दाम ऐकत नाही. मग मारहाण सुरू झाली. शेवटी तेथे सहा पोलीस गोळा झाले होते. केली आपल्या बापाला हाका मारत होता. त्याचा बाप स्वतः पोलीस खात्यातून निवृत्त झालेला होता. पाच दिवसांनी, १० जुलैला, केली दवाखान्यात मेला.

दोन पोलिसांवर खटला चालला. जानेवारी २०१४ मध्ये दोघेही निर्दोष सुटले. शहराने आईबापांना भरपाईचे पैसे दिले. पैसे मिळाले, पण मुलगा परत आला नाही.

हात गुडघ्यांवर ठेवता आले नाहीत, एवढ्यावरून हे सुरू झाले. भजी असोत की गाडीचे दार असो, मूळ चूक एकच. न समजणे आणि न मानणे यांतला फरक ओळखला गेला नाही.

कायदा काय सांगतो?

पूर्वी आपल्या देशात असा माणूस सापडला की त्याला पकडून कोठडीत टाकत. कोठडीतून तो तुरुंगात जाई. गुन्हा काही नाही, तरी तुरुंग!

आसामात माचांग लालुंग नावाचा एक आदिवासी होता. १९५१ साली पोलिसांनी त्याला धरले. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्याला तेजपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. १९६७ साली डॉक्टरांनी सांगितले की हा आता बरा आहे. पण त्याला घरी न सोडता तुरुंगात पाठवले. त्याचा खटला कधी चाललाच नाही. २००५ साली तो सुटला. तेव्हा त्याचे वय ७७ होते. चोपन्न वर्षे गेली. कोणी विचारले नाही, कारण विचारणारे कोणी नव्हते.

मुंबईच्या पत्रकार शीला बरसे यांनी अशा माणसांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९३ साली न्यायालयाने स्पष्ट सांगितले की ज्याने गुन्हा केला नाही अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे.

पुढे २०१७ साली संसदेने मानसिक आरोग्य सेवा कायदा केला. तो मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम १०० नीट वाचा आणि लक्षात ठेवा. त्याचा अर्थ असा:

एक. मनोरुग्ण वाटणारा आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना आढळला, तर ठाणेदाराने त्याला आपल्या संरक्षणात घ्यायचे आहे. संरक्षणात घेणे म्हणजे अटक करणे नव्हे. सांभाळणे.

दोन. त्याला शक्य तितक्या लवकर जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे. चोवीस तासांच्या वर वेळ लावायचा नाही.

तीन. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. कोणत्याही कारणाने नाही.

चार. तो बेघर असेल, तर हरवलेला माणूस म्हणून ठाण्यात नोंद करायची. त्याचे घरचे लोक शोधून त्यांना कळवणे हेही ठाणेदाराचेच काम आहे.

याच कायद्यात आणखी सांगितले आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधता येत नाही. त्याला क्रूरपणे वागवता येत नाही. बेघर आणि निराधार मनोरुग्णाला सरकारी उपचार फुकट मिळाले पाहिजेत. आणि सरकारने पोलिसांना या कामाचे शिक्षण वेळोवेळी दिले पाहिजे.

मग पोलिसांनी हात लावायचाच नाही का? तसेही नाही. एखाद्याच्या हातात कुऱ्हाड असेल, तो कोणावर धावून जात असेल, तर त्याला आवरणे पोलिसांना भाग आहे. पण आवरण्यापुरतेच बळ. तो आवरला की हात थांबला पाहिजे. आवरल्यानंतर मारलेला प्रत्येक दंडा हा कायद्याबाहेरचा आहे.

दोष फक्त खाकीचा आहे का?

आता थोडे आपल्याकडे पाहू. भज्यांच्या दुकानापुढे शिपायाला कोणी बोलावले? आपण. “दोन दंडे बसले का सुधरते,” असे कोण म्हणाले? आपणच. जे करताना आपला हात कचरतो, ते आपण पोलिसाच्या काठीकडून करून घेतो. वरून म्हणतो, पोलीस फार मारकुटे!

शिपाईही माणूस आहे. मोठ्या बंदोबस्तात तो तासन्‌तास उभा असतो. मनाच्या आजाराचे शिक्षण त्याला मिळालेले नसेल. भोवती गर्दी ओरडत असते. ही त्याची अडचण झाली. पण अडचण होती म्हणून मारणे क्षम्य होत नाही. त्याच्या अंगावर सरकारचा गणवेश आहे आणि समोरचा माणूस असहाय आहे.

कधी कधी तर लोक पोलिसांची वाटही पाहत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी काय झाले ते आठवा. पोरे पळवणारी टोळी आली, अशी खोटी आवई उठली होती. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ती माणसे वेडी नव्हती. ती भाषा बोलत होती, आपली ओळख सांगू शकत होती. तरी त्यांचे कोणी ऐकले नाही. मग ज्याला नावही सांगता येत नाही, त्याचे काय होईल?

दुसरी वाट आहे का?

आहे. अमेरिकेतच मेम्फिस नावाचे शहर आहे. १९८७ साली तेथे पोलिसांनी एका मनोरुग्ण तरुणाला गोळ्या घालून मारले. त्याच्या हातात सुरी होती. लोकांना फार वाईट वाटले. मग पोलीस, डॉक्टर आणि मनोरुग्णांचे नातेवाईक एकत्र बसले. १९८८ पासून तेथे काही पोलिसांना ४० तासांचे वेगळे शिक्षण देऊ लागले. हळू कसे बोलावे, अंतर कसे ठेवावे, घाई कशी करू नये, हे शिकवू लागले. पुढे इतर अनेक शहरांनी हा धडा घेतला.

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरण आहे. मुंबईचे डॉक्टर भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर स्मिता यांनी एकदा रस्त्यावर एक तरुण पाहिला. तो करवंटीने गटाराचे पाणी पीत होता. त्यांनी त्याला नेले, औषध दिले. तो बरा झाला तेव्हा कळले की तो चांगला शिकलेला आहे. आंध्रातून त्याच्या घरचे लोक आले. १९८८ साली या डॉक्टरांनी श्रद्धा नावाची संस्था काढली. पुढे कर्जतला केंद्र उभारले. रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना त्यांनी बरे केले आणि घरी पोचवले. २०१८ साली डॉक्टर वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. औषध लागू पडले की माणूस आपले नाव सांगतो. गाव सांगतो. काठीने जे नाव निघत नाही, ते औषधाने निघते.

आपण काय करावे?

गावात असा माणूस आला, तर प्रथम गर्दी हटवा. पोरांना दगड मारू देऊ नका. एकानेच बोलावे, हळू बोलावे. त्याच्या अंगाला किंवा गाठोड्याला हात लावू नये. ते गाठोडे हेच त्याचे घर असते. थोडे दूर बसून पाणी द्या, भाकर द्या. भुकेला माणूस खाऊन शांत होतो.

मग पोलीस पाटलाला आणि आशाताईला सांगा. ११२ क्रमांकावर पोलीस येतात, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. १४४१६ हा मनाच्या आजारासाठी सरकारचा फुकट फोन आहे. त्याचे नाव टेलिमानस. पोलीस आले की नम्रपणे सांगा, “साहेब, हा आजारी आहे. याला दवाखान्यात न्या.” चामोर्शीला ग्रामीण रुग्णालय आहे, गडचिरोलीला जिल्ह्याचे रुग्णालय आहे. मोठ्या उपचारासाठी नागपूरला सरकारी मनोरुग्णालय आहे.

आणि आता तुम्हांला अक्षर येते, त्याचा उपयोग करा. एका कागदावर असे लिहा:

“ठाणेदार साहेबांस नमस्कार. आज अमुक तारखेस, सकाळी ९ वाजता, आमच्या गावात एक मनोरुग्ण माणूस आढळला. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे त्याला २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यावे आणि हरवलेल्या माणसाची नोंद करावी, ही विनंती.”

खाली आपली सही करा. ठाण्यात पोच घ्या. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका. चोवीस तास केव्हा सुरू झाले हे लिहून ठेवले, तरच ते केव्हा संपले हे कळते.

कोणी त्याला मारलेच, तर काय पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवा. पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करता येतो. मुंबईला राज्य मानवी हक्क आयोग आहे, तेथे अर्ज करता येतो. गडचिरोलीच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मनोरुग्णाला तेथून फुकट वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००. एकट्याला भीती वाटत असेल, तर पाच जणांनी मिळून जा. ग्रामसभेत विषय काढा.

मार्कंडेय ऋषीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सोळाव्या वर्षी त्याचा यम आला. पोराने शंकराच्या पिंडीला मिठी मारली. यमाने फास टाकला, पण शंकराने त्याला वाचवले. त्या कथेचे नाव लावणाऱ्या गावी आपण जत्रेला जातो.

पुढच्या शिवरात्रीला नदीकाठी जटा वाढलेला, गाठोडे कवटाळून बसलेला माणूस दिसला, तर थोडे थांबा. कोठे तरी त्याची माय आहे. ती अजून वाट पाहत असेल. त्याचे नाव तिला माहीत आहे. तिच्यापर्यंत तो जिवंत पोचावा, एवढे आपल्या हातात आहे.